४८६ मध्ये स्कझी, साउंड आणि नेटवर्क कार्ड एकत्र कसं बसवावं

जुन्या ४८६ मध्ये (४८६ प्रोसेसरच्या पीसीत) तीन आयएसए कार्डं, म्हणजे जुन्या जातीच्या स्लॉटमध्ये बसणारी कार्डं, टाकली आणि मशीन गोठलं, की सल्ला ठरलेला: "आयआरक्यू बदलून बघ, कधीतरी जमेल." असल्या सल्ल्यावर वेळ घालवू नका. आयआरक्यू म्हणजे कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती लाइन. आयएसए स्लॉटवर दोन कार्डांना एक आयआरक्यू वाटून घेता येत नाही, असंच धरून चाला. कुणाला काय द्यायचं हे आधी कागदावर ठरवा, मगच जंपरला, म्हणजे कार्डावरच्या सेटिंगच्या पिना आणि टोप्यांना, हात लावा.

उदाहरणाला माझ्या आवडीची जोडणी घेतो: डॉस ६.२२, अ‍ॅडाप्टेक १५४२ स्कझी (डिस्क जोडायचं कार्ड), साउंड ब्लास्टर १६ आणि एनई२००० जातीचं नेटवर्क कार्ड.

मेमरीचं काम सोपं आहे. ३० पिनी सिम (मेमरीच्या पट्ट्या) असतील तर सारख्या चार लावा, ७२ पिनी असेल तर एकटी चालते. डॉससाठी १६ एमबीवर थांबा. आयएसएवर पत्त्याच्या २४ च लाइन असल्यामुळे त्यापुढची मेमरी स्कझी कार्डाला थेट दिसत नाही.

आता कागद. काही आयआरक्यू आधीच गेलेले असतात: ० टायमर, १ कीबोर्ड, ३ कॉम२ आणि ४ कॉम१ (सिरियल पोर्ट), ६ फ्लॉपी, ८ घड्याळ, १३ गणिती प्रोसेसर, १४ हार्ड डिस्क. ७ प्रिंटरचा, पण डॉस छपाईसाठी तो सहसा वापरत नाही. उरलेल्यांपैकी १० पासून पुढचे फक्त १६ बिटी स्लॉटच्या मागच्या तुकड्यात येतात. त्यामुळे ८ बिटी कार्डाला ते मिळतच नाहीत.

खरी मारामारी मात्र आयआरक्यूवर होत नाही, आणि मला सगळ्यात जास्त दमवलं ते इथेच. पोर्ट म्हणजे प्रोसेसर कार्डाशी बोलतो तो पत्ता (हे आकडे हेक्समध्ये), आणि डीएमए म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता मेमरीशी डेटा हलवायचा मार्ग. १५४२ कारखान्यातून येतं ते पोर्ट ३३०, आयआरक्यू ११, डीएमए ५ वर. साउंड ब्लास्टर १६ चा मिडी (संगीताची वाद्यं जोडायचा) पोर्टही ३३०, आणि १६ बिटी आवाजाचा डीएमएही ५! आयआरक्यू वेगळे असल्यामुळे सगळं ठीक वाटतं. ८ बिटी आवाज व्यवस्थित वाजतो, कारण तो डीएमए १ वरून जातो. १६ बिटी आवाज सुरू झाला की मशीन जागीच थिजतं. हे लक्षण दिसलं की आयआरक्यूचे जंपर हलवत बसू नका, डीएमए बघा. दोन कार्डं एकाच डीएमएवर असताना डिस्कवर काही लिहूही नका, फायली खराब होऊ शकतात.

माझा नियम पक्का आहे: ज्या कार्डावरून मशीन बूट होतं त्याला हात लावायचा नाही. हलायचं ते साउंड कार्डाने. मिडी ३०० वर न्या, वरचा (१६ बिटी आवाजाचा) डीएमए ६ करा. आयआरक्यू ५ तसाच ठेवा, कारण कित्येक जुने गेम ५ किंवा ७ सोडून दुसरीकडे बघतच नाहीत. पण ३०० हा एनई२००० चा नेहमीचा पोर्ट, आणि त्याचा आयआरक्यू बहुतेक वेळा ३, म्हणजे कॉम२ चा. म्हणून नेटवर्क कार्ड पोर्ट ३४० आणि आयआरक्यू १० वर न्या. ते सलग ३२ पोर्ट व्यापतं, तेव्हा ३२० वर ठेवायचा मोह टाळा. तिथून ते थेट ३३० च्या अंगावर जातं.

ऑटोएक्झेकमधली (डॉस सुरू होताना चालणाऱ्या फाइलमधली) ब्लास्टरची ओळ कार्डाशी तंतोतंत जुळली पाहिजे: ए२२० आय५ डी१ एच६ पी३०० टी६ (ए पोर्ट, आय आयआरक्यू, डी आणि एच डीएमए, पी मिडी, टी कार्डाचा प्रकार). ही ओळ लिहिल्याने कार्ड बदलत नाही, ती फक्त गेमला माहिती देते. जंपर एकीकडे आणि ओळ दुसरीकडे, हा घोळ फार वेळा बघितलाय. एमएसडी या डॉसच्या तपासणी प्रोग्रामच्या यादीवरही विसंबू नका. ड्रायव्हर चढलेला नसेल तर ते कार्ड तिला दिसेलच असं नाही. काढलेली जंपरची टोपी एकाच पिनवर लटकवून ठेवा, हरवणार नाही.

कार्डं एकेक करून लावा: आधी स्कझी, बूट; मग साउंड, १६ बिटी आवाज वाजवून; शेवटी नेटवर्क, ड्रायव्हरला १० आणि ३४० सांगून.

राहिलं ईएमएम३८६, डॉसचा मेमरी सांभाळणारा ड्रायव्हर. ते मेमरीचे पत्ते फिरवतं, आणि १५४२ मेमरीत स्वतः लिहितं. दोघांचा मेळ बसला नाही तर डिस्कचा डेटा चुकीच्या जागी जातो. कॉन्फिग फाइलमध्ये स्मार्टड्राइव्हची (डॉसच्या डिस्क कॅशची) डबल बफरची ओळ टाका. थोडा वेळ मशीन वापरून नुसतं स्मार्टड्राइव्ह चालवा. बफरिंगच्या रकान्यात कुठेही 'येस' असेल तर ओळ राहू द्या. रेघ असेल तर निर्णय अजून झालेला नाही, थांबा. सगळीकडे 'नो' आलं तरच ती काढा.