क्लीनर श्रिम्प टिकत नाही? या चुका टाळा

लाल पाठ आणि मधोमध पांढरा पट्टा असलेला क्लीनर श्रिम्प (लिस्माटा ॲम्बोइनेन्सिस), म्हणजे माशांच्या अंगावरची घाण आणि परजीवी टिपणारी कोळंबी, घरच्या रीफ टँकमध्ये (कोरल असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) रोगाने क्वचितच जातो. बहुतेकदा तो खारटपणा झपकन बदलल्याने जातो. हाच बदल मासे पचवतात, त्यामुळे ‘मासे ठणठणीत आहेत, म्हणजे पाणी बरोबर’ हा हिशेब इथे चुकतो.

पिशवी तरंगवली, झालं? नाही. वीस मिनिटं तरंगवून फक्त तापमान जुळतं. दुकानातल्या पाण्याचं विशिष्ट घनत्व (खारटपणा मोजायचं एक माप) 1.020 आणि तुमच्या टँकचं 1.025 असू शकतं. दोन्ही आधी मोजा. श्रिम्प पिशवीतल्या पाण्यासकट छोट्या बादलीत घ्या आणि एअरलाइन नळीला (एअर पंपाच्या बारीक नळीला) सैल गाठ मारून टँकचं पाणी सेकंदाला 2-3 थेंब पडू द्या. अर्ध्या लिटरचं एक लिटर व्हायला तासभर लागतो आणि तेव्हा 1.020 चं जेमतेम 1.0225 झालेलं असतं. अर्धं पाणी काढून पुन्हा दुप्पट करा, 1.024 च्या जवळ पोहोचाल. आकडे जुळल्यावर श्रिम्प कपाने उचलून सोडा. बादलीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

कुरिअरने आलेल्या श्रिम्पला मात्र ही पद्धत घातक ठरू शकते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच (पाणी आम्ल की अल्कली याचं माप) उतरलेला असतो, त्यामुळे पाण्यात साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवीइतक्याच खारटपणाचं आणि तापमानाचं स्वच्छ पाणी आधी तयार ठेवा, श्रिम्प लगेच त्यात हलवा आणि थेंब तिथे सुरू करा.

टॉप-अपला (उडालेल्या पाण्याची भरपाई करायला) मिठाचं पाणी. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. 200 लिटरच्या टँकमधून रोज 2 लिटर उडत असेल आणि तुम्ही 35 पीपीटीचं (हजार भागांत 35 भाग मीठ असलेलं) पाणी भरत असाल, तर आठवड्यात खारटपणा सुमारे अडीच पीपीटीने चढतो. टॉप-अप बिनमिठाच्या आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यानेच करायचा, आणि तोही रोज थोडा थोडा. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर 35 पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणावर जुळवून घ्या.

पांढरे ठिपके आणि तांबं. माशांवर ठिपके दिसले की लोक श्रिम्पला डॉक्टर समजून आणतात. पण हे ठिपके ज्या परजीवीमुळे येतात, तो माशाच्या कातडीखाली रुतलेला असतो, तिथे श्रिम्पचे चिमटे पोहोचत नाहीत. मग धीर सुटून कोणीतरी टँकमध्ये तांब्याचं औषध टाकतं आणि श्रिम्प मरतो. औषध वेगळ्या क्वारंटाइन टँकमध्येच द्या. पूर्वी तांबं वापरलेले दगड आणि वाळू रीफमध्ये नको. त्यात मुरलेलं तांबं पुढेही सुटत राहतं.

‘मेला!’ म्हणून रडण्याआधी पाहा: पोकळ, पारदर्शक सांगाडा असेल तर ती टाकलेली कात आहे. तिचा मालक, म्हणजे श्रिम्प, एक-दोन दिवस कपारीत लपलेला असतो. कवच मऊ असतं, त्याला शोधायला दगड हलवू नका. कात अर्धवट अडकली तर आधी खारटपणा आणि तापमानाची नोंद तपासा. कात नीट पडावी म्हणून टेस्ट न करता आयोडीनचे थेंब टाकण्यापेक्षा आठवड्याला 10 टक्के पाणी बदलणं बरं.

लायनफिश, ट्रिगर, पफर किंवा हॉकफिश असेल, तर श्रिम्प आणूच नका. आणि कोरलच्या तोंडातला घास तो पळवत असेल, तर कोरलला भरवण्याआधी त्याच्या पुढ्यात मायसिसचे (माशांना घालतात त्या बारीक कोळंबीसारख्या खाद्याचे) दोन-चार तुकडे टाका.