शेला शहरात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

ग्वातेमालाच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखातल्या या शहराचे नाव नकाशावर केत्साल्तेनांगो असे आहे. मात्र बसचा वाहक ‘शेला, शेला’ असाच पुकारा करतो, कारण शेलाहू हे किचे या स्थानिक माया भाषेतले जुने नाव लोकांच्या तोंडी टिकून आहे. महाबळेश्वरपेक्षा हे शहर जवळजवळ हजार मीटर अधिक उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो आणि बहुतेक घरांत ऊब देणारी काहीच सोय नसते, म्हणून लोकरीचे कपडे व जाड पांघरूण यांत काटकसर करू नये.

सर्वांत महत्त्वाची सूचना एका शब्दाविषयी आहे. स्पॅनिश शब्दकोशात भारतीय माणसासाठी ‘इंदियो’ असा शब्द सापडतो. इथे मात्र तो किचे, माम आणि इतर माया लोकांना शतकानुशतके हिणवण्यासाठी वापरला गेला आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी स्वतःची ओळख तशी करून दिली, तेव्हा समोरच्या भाजीवाल्या मावशींचा चेहरा पडला, आणि ते मला आजही बोचते. ‘सोय दे ला इंदिया’, म्हणजे ‘मी भारतातला आहे’, एवढेच म्हणावे. बाजारात भाव विचारण्यापूर्वी ‘बुएनोस दियास’, म्हणजे ‘सुप्रभात’, म्हणावे, निघताना किचेतले ‘माल्त्योश’ म्हणून आभार मानावेत, आणि परवानगीवाचून कोणाचेही, विशेषतः मुलांचे, छायाचित्र घेऊ नये. हातमागावरच्या उईपिलमागे, म्हणजे माया स्त्रियांच्या पारंपरिक पोलक्यामागे, कित्येक आठवड्यांचे, कधी महिन्यांचे श्रम असतात; तिथे घासाघीस करणे मला योग्य वाटत नाही.

शाकाहारी मंडळींनी काळ्या घेवड्याची उसळ मागताना ‘सिन मान्तेका’, म्हणजे डुकराच्या चरबीशिवाय, असे आवर्जून सांगावे. गुरुवारी घरोघरी मिळणारे बटाट्याचे ‘पाचे’, म्हणजे पानांत गुंडाळून उकडलेला पदार्थ, केवळ बटाट्याचे नसतात, त्यांत मांस असते. गुरुवारचा उपवास करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दक्षिणेला दिसणारा रेखीव सुळका म्हणजे ३,७७२ मीटर उंचीचा सांता मारिया ज्वालामुखी. १९०२ च्या एप्रिलमधील भूकंपाने शहर उद्ध्वस्त झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या पर्वताचा महाभयंकर उद्रेक झाला. त्याच्या कुशीतला सांतियागुइतो १९२२ पासून धुमसतो आहे. या ज्वालामुखींच्याच मातीत शेजारच्या आल्मोलोंगाची गाजरे आणि कोबी पिकतात, आणि ती ताजी हवी असतील तर सकाळी लवकर मंडई गाठावी. शुक्रवारी जवळच्या सान फ्रान्सिस्को एल आल्तो या गावचा गुराढोरांसह भरणारा मोठा बाजारही पाहावा. मात्र त्यासाठी पहाटेच निघावे, कारण दुपारपर्यंत तो ओसरू लागतो.