विद्युत क्षेत्रातील कण: उदासीन कणापाशी घाई करू नका

शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या एम.एस्सी.ला येणाऱ्या विद्यार्थ्याला प्रभारित कणावरील बल प्रभार आणि क्षेत्र यांच्या गुणाकाराइतके असते हे ठाऊक असतेच. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की क्षेत्ररेषा धन कणाच्या त्वरणाची दिशा दाखवते (ऋण कणाचे त्वरण तिच्या उलट), मार्गाची नव्हे. म्हणून समांतर पट्ट्यांमध्ये आडवा शिरलेला इलेक्ट्रॉन अन्वस्ताकार मार्गाने वळतो. त्याच क्षेत्रात प्रोटॉनचे त्वरण इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पटींनी कमी असते, कारण प्रभार तेवढाच असला तरी वस्तुमान तितके अधिक असते.

मला सर्वाधिक काळ अडवून ठेवले ते उदासीन, म्हणजे एकूण प्रभार शून्य असलेल्या, कणाने. स्पर्धा परीक्षांच्या तयार नोट्समध्ये ‘प्रभार शून्य, म्हणून बल शून्य’ असे एका ओळीत लिहिलेले असते आणि ही ओळ पाठ करणे धोक्याचे आहे, असे माझे ठाम मत आहे. उदासीन अणू क्षेत्रात ठेवला की त्यातील धन आणि ऋण प्रभार किंचित विरुद्ध दिशांना सरकतात आणि त्याचा द्विध्रुव, म्हणजे एका टोकाला धन व दुसऱ्या टोकाला ऋण प्रभार असलेली जोडी, बनतो; यालाच ध्रुवीकरण म्हणतात. क्षेत्र एकसमान असेल तर दोन्ही टोकांवरील बले समान व विरुद्ध असल्याने अणू जागचा हलत नाही. पण क्षेत्र असमान असेल तर तीव्र क्षेत्रातील टोकावर अधिक बल लागते आणि अणू तीव्र क्षेत्राकडे ओढला जातो. आता क्षेत्राची दिशा उलट करा. द्विध्रुवही उलटतो, त्यामुळे बलाची दिशा बदलत नाही, आणि म्हणूनच हा परिणाम प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या, क्षेत्रातही टिकतो. बल क्षेत्रावर नव्हे, तर क्षेत्राच्या वर्गाच्या प्रवणतेवर, म्हणजे तो वर्ग जागेनुसार किती झपाट्याने बदलतो यावर, अवलंबून असते. कण द्रवात असेल आणि द्रवाचे ध्रुवीकरण कणापेक्षा अधिक होत असेल, तर तो उलट क्षीण क्षेत्राकडे ढकलला जातो. भौतिकशास्त्रज्ञ हर्बर्ट पोल यांनी १९५१ मध्ये या हालचालीला डायइलेक्ट्रोफोरेसिस हे नाव दिले. पुढे जिवंत आणि मृत पेशी वेगळ्या करण्यासाठीही तिचा उपयोग झाला.

हे गणित पाहून दडपून जाऊ नका. आंशिक विकलन येत असेल तर पुरेसे आहे. घासलेल्या कंगव्याकडे कागदाचे कपटे ओढले जाणे हा याचाच प्रयोग आहे, मात्र तो कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये करू नका, कारण दमट हवेत कंगव्याच्या पृष्ठभागावरून प्रभार निघून जातो. कोरड्या हिवाळ्यात नीट पाहिलेत तर काही कपटे चिकटून पुन्हा दूर उडताना दिसतील: स्पर्शाने त्यांना कंगव्याचाच प्रभार मिळालेला असतो आणि ते उदासीन राहिलेले नसतात.

मार्गदर्शक निवडताना उत्तर सांगणाऱ्यापेक्षा फळ्यावर तुमच्याकडून आकृती काढून घेणारे शिक्षक निवडा. त्यांच्यासमोर बिंदुप्रभाराजवळच्या उदासीन अणूवरील बल स्वतः काढा. क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, त्याचा वर्ग चौथ्या घाताच्या आणि प्रवणता पाचव्या घाताच्या. म्हणजे अंतर दुप्पट झाल्यावर प्रभारित कणावरील बल एक-चतुर्थांश उरते, तर उदासीन अणूवरील बल एक-बत्तिसांश.