रूबीतून विंडोजचं फंक्शन बोलावताना ‘पी’ कुठे, ‘एल’ कुठे?

विन३२एपीआय (रूबीतून विंडोजची फंक्शनं बोलावणारी जुनी लायब्ररी) वापरणारा जुना रूबी कोड हाती आला की आधी फंक्शनला जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या मूल्यांचे प्रकार सांगणाऱ्या अक्षरांची यादी वाचा. ‘आय’ आणि ‘एल’ म्हणजे पूर्णांक, ‘पी’ म्हणजे पॉइंटर (मेमरीतला पत्ता), ‘व्ही’ म्हणजे काहीच नाही. क्रम फंक्शनच्या पॅरामीटरप्रमाणेच हवा.

खिडकीचं शीर्षक वाचणारं गेटविंडोटेक्स्ट घ्या: हँडल (खिडकीची ओळख सांगणारा आकडा), बफर (मजकूर लिहायची जागा), कमाल लांबी, म्हणून ‘एल’, ‘पी’, ‘आय’. खरी मेख ‘पी’मध्ये आहे. रिकामी स्ट्रिंग देऊ नका. विंडोज त्याच जागेत लिहितं, जागा वाढवून देत नाही. शून्य बाइटने भरलेली पुरेशी स्ट्रिंग आधीच तयार ठेवा. शीर्षक मराठीत असू शकतं, तेव्हा फंक्शनचं ‘डब्ल्यू’ने संपणारं, यूटीएफ-16 मजकूर देणारं रूपच बोलवा. त्यात लांबी यूटीएफ-16च्या एककांत मोजतात आणि प्रत्येकाला 2 बाइट लागतात, म्हणजे 256 साठी 512 बाइट. परत आलेल्या आकड्याच्या दुप्पट बाइट कापून घ्या, त्यांना यूटीएफ-16एलई ठरवा आणि मग यूटीएफ-8 करा.

नवा कोड मात्र फिडलमध्येच (बाहेरची फंक्शनं बोलावणारी रूबीची लायब्ररी) लिहा. तिथे हँडल आणि पत्ते यांना पॉइंटरचा प्रकार टाइप_व्हॉइडपी द्या, पूर्णांकाचा टाइप_लाँग नको: 64-बिट विंडोजवरही लाँग 32 बिटचाच असतो, आणि ग्लोबललॉक या विंडोज फंक्शनने दिलेला मेमरीचा पत्ता अर्धा कापला जाऊ शकतो.