जुना लेख खोडू नका : आपल्या चिंतनपर लेखांचा संग्रह कसा वाढवावा

ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत राहणारी माझी मावशी एका पिशवीनिशी आमच्याकडे आली. पिशवीत रेशनकार्ड, रक्तदाबाच्या गोळ्या आणि फ्रेममधून काढून घेतलेला काकांचा फोटो. त्या रात्री मला माझाच १९९८ सालचा ‘मालकी’ हा लेख आठवला. वस्तूंवरचा हक्क हा मनाचा खेळ आहे, तो सोडला की माणूस मोकळा होतो, असं मी त्यात ठामपणे लिहिलं होतं. मावशीसमोर तो लेख वाचायची माझी छाती झाली नसती. फाडून टाकावा असं वाटलं, पण फाडला नाही. माझ्या संग्रहाला खरं वळण लागलं ते तिथून.

वीस-पंचवीस वर्षं जगण्याविषयी, न्यायाविषयी, मरणाविषयी लिहीत आलेल्या अनेकांच्या कपाटात असे लेख पडून असतात. त्यांचा संग्रह करताना मी जे शिकलो, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी सगळं एका जागी आणा

वह्या, डायऱ्या, दिवाळी अंकांतली कात्रणं, मोबाइलमधल्या नोंदी, सगळं. काही लेख जुन्या संगणकावर असतील तर त्यांना पहिला हात घाला. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं बिघडतात. रफार उडाला की ‘अर्थ’चा ‘अथ’ होतो, आणि चिंतनाच्या लेखात ते परवडत नाही. छापील प्रत असेल तर ओळीला ओळ लावून ताडून पाहा.

मग प्रश्नांची वही करा

एका वहीत तीन रकाने आखा : लिहिल्याची तारीख, शीर्षक आणि त्या लेखाने विचारलेला प्रश्न. विषय लिहू नका, प्रश्नच लिहा. ‘मृत्यू’ हा विषय झाला. ‘आई गेली, पण तिच्या सवयी माझ्यात राहिल्या, तर ती किती गेली?’ हा प्रश्न झाला. हे काम सावकाश करा, मला पावसाळाभर पुरलं. माझ्या ६३ लेखांतून शेवटी फक्त ७ प्रश्न निघाले. मी आयुष्यभर त्याच सात दारांवर थाप मारत होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तिसरा रकाना कोरा राहील ते लेख बाजूला काढा. सत्कारानिमित्तचे, पुण्यतिथीचे, वाचलेल्या ग्रंथाचा सारांश सांगणारे लेख चांगले असतील, पण त्यांची जागा वेगळ्या फायलीत. माझे २२ असे गेले.

आता थर चढवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. निबंध या प्रकाराला नाव देणाऱ्या फ्रेंच लेखक मोंतेनने १५८० साली आपल्या निबंधांचे दोन खंड छापले. १५८८ मध्ये तिसरा खंड आला, आणि जुन्या निबंधांतही शेकडो भर पडल्या. त्यानंतर १५९२ मध्ये मरेपर्यंत तो स्वतःच्या छापील प्रतीच्या समासात लिहीत राहिला. जुनं फारसं न खोडता तो त्यातच नवं घालत गेला. आजच्या अभ्यासू आवृत्त्या हे तीन थर तीन अक्षरांनी वेगळे दाखवतात. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस बेकन या निबंधकाराच्या संग्रहात १५९७ साली १० निबंध होते, १६१२ मध्ये ३८ झाले आणि १६२५ मध्ये ५८. पण तो जुने निबंध नव्याने लिहून काढायचा. त्याची रीत नीटनेटकी खरी, पण माणूस कुठे बदलला ते वाचकाला दिसत नाही. आपल्यासारख्यांनी मोंतेनची वाट धरावी असं माझं स्पष्ट मत आहे.

मूळ लेखाला ‘अ’ म्हणा. नवी भर ‘ब’, तिच्यापुढे महिना आणि वर्ष. ज्या वाक्याशी तुमचं आता पटत नाही, त्याच्या लगेच खाली ती भर येऊ द्या, लेखाच्या शेवटी नको. आणि भरीत नुसतं ‘हे चुकलं’ असं लिहू नका. कोणत्या प्रसंगाने, कोणत्या माणसाने मत बदललं ते सांगा.

‘मालकी’चा ‘ब’ मी सप्टेंबर २०१९ मध्ये लिहायला घेतला, तेव्हा पानभर फक्त पश्चात्ताप उतरला. तो बाजूला ठेवला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं, तेव्हा कुठे विचार जमला : मावशीच्या पिशवीतली एक वस्तू सरकारला ती कोण हे सांगत होती, एक शरीर चालतं ठेवत होती आणि एक ती कोणाची होती याची साक्ष देत होती. यातलं काय सोडलं असतं म्हणजे ती मोकळी झाली असती? म्हणून भर घालायची घाई करू नका, वर्ष-दोन वर्षं जाऊ द्या.

पुढे ‘क’ही आला. आमच्या भावकीत ११ गुंठ्यांवरून बोलणं बंद झालं, आणि १९९८ चं ते ठाम वाक्य तिथे मला पुन्हा खरं वाटलं. तेव्हा खोडलं असतं तर ते परत सापडलं नसतं.

तपशिलाची चूक मात्र सरळ दुरुस्त करावी, तिला थर नको. न्यायावरच्या लेखात मी शाहू महाराजांच्या, मागास वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखण्याच्या आदेशाचं साल १९२० लिहिलं होतं. शाहू महाराज आणि आंबेडकर एकत्र आले त्या माणगाव परिषदेच्या सालाशी गल्लत झाली होती. तो आदेश २६ जुलै १९०२ चा. अशा गोष्टी स्मरणावर सोडू नका. आमच्या कोल्हापुरात १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय आहे, अशा ठिकाणी जाऊन पुस्तकात पाहा. खासगी माणसांची नावंही काढून टाका.

क्रम आणि छपाई

तारखेप्रमाणे लावलं की डायरी होते, म्हणून प्रश्नाप्रमाणे लावा. एका प्रश्नाचे सगळे लेख एकत्र, आणि त्या गटात जुना आधी. मग एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. मी रंकाळा तलावावर संध्याकाळी एका मित्राला वाचून दाखवले. ‘आता हे कुणाला सांगायलायस?’ असं तो जिथे विचारायचा, ते परिच्छेद मी काढले.

छापायचं असेल तर डीटीपीवाल्याला अ, ब, क साठी वेगळा टाइप नको म्हणावं, समासातलं अक्षर पुरतं. ४० हजार शब्दांचे डेमी आकारात साधारण ९ फर्मे, म्हणजे १४४ पानं होतात. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे मोफत मिळतो. लेख आधी एखाद्या अंकात आला असेल तर हक्क कोणाकडे ते विचारून घ्या.

आणि आपल्यासाठी एक प्रत शिवायच्या आधीच बाइंडरकडून मागून घ्या. तिच्यात प्रत्येक छापील पानानंतर एक कोरं पान घालायला सांगा. बाइंडर कारण विचारेल. ‘ड’ लिहायचाय म्हणून सांगा.