मेसच्या जेवणाची तक्रार थांबत नाही? मेन्यू बदलण्याआधी या चुका टाळा

कॉलेजच्या मेसबद्दल तक्रार येते ती बहुतेक वेळा एकाच वाक्यात: "जेवणाला चव नाही." मग मेस कमिटी बसते, दोन पदार्थ निघतात, दोन नवे येतात आणि महिनाभराने तीच तक्रार पुन्हा हजर. जेवण गार होतं, रांगेतच सुट्टी संपली, हवं ते आधीच संपलं होतं, आत काय घातलंय ते कळेना, हे सगळं मुलं "चव नाही" एवढंच म्हणून सांगतात. त्यामुळे दुखणं नेमकं कुठे आहे ते आधी शोधायला हवं.

पहिलं ताट चाखून मत बनवणं

ही चूक सगळ्यात जास्त होते. रेक्टर किंवा कमिटीचे सदस्य मेस उघडताना येतात, वाफाळतं जेवण चाखतात आणि समाधानाने जातात. लॅब किंवा सराव आटोपून येणाऱ्या मुलांच्या ताटात मात्र दीड-दोन तास गरम पेटीत पडून असलेलं जेवण येतं. तुम्ही मेस बंद व्हायच्या पंधरा मिनिटं आधी जा, रांगेत उभे राहा आणि मिळेल ते ताट संपवा. भात वरून कोरडा आणि तळाशी लगदा झालेला दिसेल. हिरव्या भाजीचा रंग शेवाळी पडलेला असेल, कारण हरितद्रव्य उष्णतेत फार वेळ टिकत नाही. त्यासोबत क जीवनसत्त्वही घटत जातं. आता याच भाजीची पाककृती कितीही बदलली तरी शेवटच्या ताटात फरक पडणार नाही.

उपाय असा, की सगळी भाजी एकदम शिजवायची नाही. चिरून, मसाला तयार ठेवून ती दोन-तीन टप्प्यांत फोडणीला टाका. आचाऱ्याला हे जास्तीचं काम वाटेल, म्हणून भाजी चिरणारा एक हात वाढवून द्या. नुसत्या सूचनेने हे होत नाही. गरम पेटी अन्न गरम *ठेवते*, थंड अन्न गरम *करत* नाही, हेही वाढप्यांना सांगावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम साधा आहे: वाढायचं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर असावं आणि शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. भाताच्या बाबतीत हे जास्तच पाळा. त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात आणि कोमट भातात वाढतात. एक थर्मामीटर घ्या आणि दर तासाला आकडा वहीत लिहा.

रांगेकडे फक्त गर्दी म्हणून बघणं

समजा, तास एकाच वेळी सुटतात, २४० जण एकदम येतात आणि एका माणसाला वाढणं आणि त्याचं मेसचं कार्ड तपासणं मिळून १० सेकंद लागतात. शेवटच्याची पाळी ४० मिनिटांनी येते. सुट्टी ४५ मिनिटांची असेल तर त्याला जेवायला उरतात पाच मिनिटं. हेच १० सेकंद सातवर आणले तर रांग २८ मिनिटांत संपते आणि त्याच मुलाला सतरा मिनिटं मिळतात. नवा काउंटर न लावताच.

तीन सेकंद वाचवायचे तर रांग नेमकी कुठे अडते ते उभं राहून बघा. बहुधा एकच जागा असते: ताजं भाजून मिळणारा एखादा पदार्थ, नाहीतर कार्ड वाचणारं यंत्र. तो पदार्थ वेगळ्या काउंटरवर हलवा, कार्ड दारातच तपासा, पाणी आणि चमचे रांगेच्या बाहेर ठेवा. मेस कमिटीला जमत असेल तर वेळापत्रक करणाऱ्यांशीही बोला. दोन विभागांची सुट्टी वीस मिनिटांनी मागेपुढे झाली तर दुपारचा निम्मा ताण जातो.

"सांगा, वेगळं करून देऊ" म्हणून भागवणं

ॲलर्जी असलेल्या मुलीला रोज काउंटरवर उभं राहून आपली अडचण समजवावी लागत असेल, तर ती काही दिवसांनी यायचीच थांबते. प्रत्येक पदार्थापुढे पाटी हवी. दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जलचर, शेंगदाणे, काजू-बदामासारखे सुके दाणे, गहू, सोयाबीन आणि तीळ यांपैकी त्यात काय आहे, हे तीवर लिहा. शाकाहारी-मांसाहारी पदार्थांचे चमचे वेगळे ठेवा, आणि ते अदलाबदल होऊ नयेत म्हणून मुठीचा रंगही वेगळा ठेवा. ज्या तेलात मासे तळले त्यातच दुसरं काही तळलं तर तो पदार्थ ॲलर्जी असलेल्यांसाठी सुरक्षित राहत नाही. उकळत्या तेलाने ॲलर्जीचा धोका जात नाही. इथे विश्वास एकदा गेला की परत मिळवणं फार कठीण.

सात दिवसांचा मेन्यू वर्षभर फिरवणं

मंगळवारी काय असणार हे तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांना पाठ होतं. चार-पाच आठवड्यांचं चक्र करा. पण नावं बदलून ग्रेव्ही तीच ठेवली तर उपयोग नाही. एकच चव सलग खाल्ली की तिच्यावरची वासना उतरते, आणि वेगळी चव किंवा वेगळा पोत समोर आला की ती परत येते. भूक आणि आहाराचा अभ्यास करणाऱ्या संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. म्हणून एका जेवणात काहीतरी कुरकुरीत, काहीतरी आंबट, काहीतरी कच्चं असू द्या. काही साध्या गोष्टी मात्र रोज ठेवा: साधा भात, उकडलेली अंडी, फळं. मेन्यू न आवडलेल्या दिवशी त्यावर पोट भरता आलं पाहिजे.

वेळ कर्मचाऱ्यांच्या सोयीने ठरवणं

विशीच्या आसपास शरीराचं घड्याळ उशिराकडे झुकलेलं असतं. आठला जेवलेल्या मुलाला अकराला भूक लागते. तो आळशी किंवा बेशिस्त नसतो. रात्री पूर्ण मेस चालवायची गरज नाही. दूध, फळं, सँडविच आणि गरम पाणी एवढं असलं तरी परीक्षेच्या दिवसांत मोठा आधार होतो.

"जेवण कसं वाटतं?" असा प्रश्न विचारणं

याला "ठीक" हेच उत्तर येणार. त्यापेक्षा उष्टं बघा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे २८ टक्के हॉटेलं, कॅन्टीन, मेस अशा ठिकाणचं होतं. तुमच्या मेसचा वाटा तुम्हाला मोजता येतो. आठवडाभर भात, भाजी, डाळ यांच्या उष्ट्यासाठी वेगळ्या बादल्या ठेवा आणि रोज वजन करा. भाजी सगळ्यांच्याच ताटात उरत असेल तर ती बिघडलीय. भात उरत असेल तर वाढपी जास्त वाढतोय. पहिला डाव लहान करा आणि पुन्हा घ्यायला मोकळीक द्या.

तक्रारवही ठेवली असेल तर प्रत्येक नोंदीखाली आठवड्याच्या आत उत्तर लिहा, तारखेसकट. मागणी पूर्ण होणार नसेल तर कारण स्पष्ट सांगा: गॅसची शेगडी कमी पडते, बजेट नाही, माणूस नाही. पुढच्या बैठकीत ती वही टेबलावर असू द्या, आणि मेन्यूला हात घालण्याआधी ती उघडा.