डेटोना बीचच्या वाळूवर गाडी नेताना

फ्लोरिडातील डेटोना बीच येथे मुक्काम ठरवण्यापूर्वी शर्यतींचे वेळापत्रक पाहावे, कारण फेब्रुवारीतील ‘डेटोना ५००’ ही मोटारशर्यत आणि मार्चमधील ‘बाइक वीक’ हा मोटारसायकलींचा मेळा यांच्या सुमारास हॉटेलांचे दर बरेच चढतात, शर्यतीत रस नसेल, तर तो काळ सरळ टाळावा.

येथे किनाऱ्याच्या ठरावीक भागांत शुल्क भरून गाडी वाळूवर नेता येते. ओहोटीनंतर ही बारीक वाळू घट्ट बसते. म्हणूनच १९५९ मध्ये स्पीडवे, म्हणजे शर्यतींचा पक्का मार्ग, सुरू होण्यापूर्वी शर्यती याच किनाऱ्यावर होत आणि १९३५ मध्ये ब्रिटिश शर्यतपटू माल्कम कॅम्पबेल यांनी येथे ताशी सुमारे २७६ मैलांचा वेग गाठला. आज मर्यादा ताशी १० मैलांची आहे आणि ती योग्यच आहे, कारण मुले गाड्यांच्या वाटेतूनच पाण्याकडे धावत असतात. दिवे चालू आणि काच खाली ठेवावी. भरतीची वेळ पाहूनच गाडी लावावी, कोरड्या भुसभुशीत वाळूत चाके घालू नयेत, आणि मे ते ऑक्टोबर हा समुद्री कासवांच्या विणीचा हंगाम असल्याने खांबांपलीकडील राखीव पट्ट्यात तर मुळीच जाऊ नये. गाडी भाड्याची असल्यास वाळूवर नेण्यास करारात मनाई आहे का, हे आधी वाचावे. परतल्यावर खालचा भाग गोड्या पाण्याने धुवावा.